दोन कुलपांचा दरवाजा

या सगळ्या भानगडीत गौरव रंगारीला मिळण्यासारखं होतं ते एवढंच: एक तपकिरी पट्टा, जो कमरेला बांधता येत नाही, आणि सासऱ्याच्या तोंडून एक धड शब्द, जो लग्न झाल्यापासून बाहेर पडलेला नव्हता. पट्टा देणारी माणसं त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. शब्द देणारा माणूस दर रविवारी समोर बसायचा. वसुली दोन्हीकडे सारखीच अवघड.

आधी पट्ट्याचं. किल्लीशिवाय कुलपं उघडण्याचा छंद असलेले लोक जगात बरेच आहेत, इंटरनेटवर त्यांचा एक गट आहे, आणि कराटेत असतात तसे तिथे रंगीत पट्टे मिळतात. कुलूप जितकं कठीण तितका पट्टा गडद. मिळतो म्हणजे नावापुढे त्या रंगाची एक टिकली येते. नियम दोन. जे कुलूप आपल्या मालकीचं नाही त्याला हात लावायचा नाही. जे कुठे लागलेलं आहे, वापरात आहे, त्याला तर मुळीच नाही. गौरव हे नियम घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचा. त्याची बायको मोनाली दुसऱ्या नियमाच्या सुमारास चहा ठेवायला उठायची.

गौरव एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. शिकवायचा चांगलं. पण त्याचे सासरे लहानूजी खोब्रागडे यांच्या लेखी माणसांच्या दोनच जाती होत्या: गावच्या पोलादाच्या प्लांटमध्ये परमनंट, आणि बाकीचे. लहानूजींनी सगळी नोकरी ब्लास्ट फर्नेससमोर काढली होती. जावई बाकीच्यांत मोडत होता, आणि त्यात भर म्हणून जेवणाच्या टेबलाला वाइस, म्हणजे लोखंडी पकड, ठोकून तीत कुलूप आवळत होता.

"लोकायचे पोरं आयआयटीत पाठवते," ते कांताबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, जावयाला ऐकू जाईल अशा बेताने सांगत, "अन सोता उंदरावानी कुलूप कुरतडत बसते. कोनी पाहिलं तं काय म्हनन? जावई करा लागला तं चोर केला."

"हळू बोला ना, मोनालीचे बाबा."

"हळूच बोलून राहिलो."

आता त्यांच्या वस्तीतल्या, म्हणजे कुरुदच्या, विहाराचं. हे बुद्धविहार प्लांटवाल्यांनी आणि रेल्वेवाल्यांनी मिळून बांधलं. विटा दोघांनी उचलल्या, स्लॅबच्या दिवशी घमेली दोघांनी फिरवली. भांडण झालं ते भिंतीवरच्या पाटीवरून. पाटीवर आधी कोणाची नावं, प्लांटची की रेल्वेची? पाटी शेवटपर्यंत लागलीच नाही. ती लावण्यासाठी पाडलेली चार भोकं मात्र भिंतीत राहिली, आणि समितीचे दोन गट झाले. एका गटाचे लहानूजी, समितीचे अध्यक्ष. दुसऱ्याचे जानराव वासनिक, मालगाडीचे रिटायर्ड गार्ड, समितीचे सचिव. दोघेही भंडाऱ्याकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले, एकाच शाळेतले, एकमेकांना लहान्या आणि जान्या म्हणणारे. बैठकीत तोड निघाली ती अशी: विहाराच्या दरवाजाला दोन कुलपं, दोन्ही गटांची एकेक. दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

लहानूजींनी आपलं जुनं अलिगढी कुलूप घातलं. जानरावांचा मुलगा विक्की जहाजावर नोकरीला. त्याने परदेशातून एक काळं, जड, गोटीसारखं गुळगुळीत कुलूप आणून दिलं होतं. त्यात पिना नव्हत्या, गोल चकत्या होत्या, एकामागे एक. प्रत्येक चकती आपापल्या कोनात फिरली तरच ते उघडायचं. "हे उघडनारा अजून पैदा नाई झाला," असं जानराव म्हणाले तेव्हा गौरव मागे उभा होता. त्याच आठवड्यात त्याने तसलंच दुसरं कुलूप मागवलं.

दोन कुलपांमुळे विहार बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटच. दर रविवारी लहानूजी वेळेवर येऊन दारात उभे राहायचे. जानराव मुद्दाम उशिरा यायचे.

"ये, ये. सिग्नल भेटला वाट्टे साहेबाले."

"गार्डानं हिरवी दाखवल्याबिगर गाडी हालत नाई, लहान्या."

"तुही मालगाडी बे. तिच्यात बसलेला मानूस घरी पोचतच नाई."

मग दोघं आपापलं कुलूप उघडायचे, नजर मात्र एकमेकांच्या कुलपावर. जानरावांच्या पत्नी सिंधुताई जुनवानीहून ऑटो करून निघायच्या आणि वाटेत कांताबाईंना घ्यायच्या, कारण कांताबाईंचे गुडघे गेलेले होते आणि लहानूजी स्कूटरवर कोणाला मागे बसवत नसत. पौर्णिमेला अंगणात खीर व्हायची. गंज, म्हणजे मोठं पातेलं, सिंधुताईंचा, शेगडी कांताबाईंची. वंदना झाली की दोघी गंजाशी बसायच्या आणि नवऱ्यांना जे बोलायचं ते सगळं खिरीला ऐकवायच्या. कांताबाईंचं आठवडाभरातलं बाहेर जाणं ते एवढंच.

इकडे गौरव घरी त्या कुलपाशी झुंजत होता. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. त्या कुलपात खोट्या खाचा असतात. चकती फिरवत न्यावी, मध्येच ती हलकेच सैल पडते, बोटांना वाटतं बसली. बसलेली नसते. तिच्यावर विश्वास ठेवून पुढच्या चकतीकडे गेलं की सगळं पहिल्यापासून. लहानूजींनी मुलीकडे आल्यावर हे तीनचार वेळा डोळ्यांनी पाहिलं होतं. जावई हरतोय हे पाहून ते दुसरी पोळी मागून घ्यायचे.

आषाढ पौर्णिमेच्या आधल्या गुरुवारी, दोन बॅचच्या मधल्या सुट्टीत, घरी कोणी नसताना, कुलूप उघडलं. गौरवने ते लावलं आणि परत उघडलं, मग पुन्हा एकदा. कोणाला सांगितलं नाही. रीतसर व्हिडिओ करून गटाला पाठवायचा आणि पट्टा आला की मगच घरात जाहीर करायचं, असा बेत होता. बेत चांगला होता.

आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावासाची सुरुवात, ग्रंथवाचनाचा पहिला दिवस. सकाळपासून अंगणात खुर्च्या मांडलेल्या, गुड्डू साउंडवाल्याचे भोंगे लागलेले, राजनांदगावहून आलेले भंतेजी निंबाखाली पंख्यासमोर बसलेले. गंजात दूध तापत होतं. दरवाजाचं अलिगढी कुलूप निघालं होतं. काळं तसंच लटकलेलं.

जानराव नागपूरला डोळे दाखवायला गेले होते. कुलपाची किल्ली त्यांच्या खिशात. रात्रीच परत येणार होते, पण नंबर लागायला उशीर झाला, म्हणून पहाटेची गाडी धरली, आणि ती गाडी डोंगरगडच्या अलीकडे उभी होती. लहानूजींनी फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे सगळ्यांनी ऐकावं.

"कुठी आहे बे?"

"उभी करून ठेवली ना. कोयशाच्या गाड्या काढून राहिले पुढं."

"रेल्वेचा मानूस ना तू? सांग ना त्यायले, सचिव बसला आहे म्हना गाडीत."

"थांबजा, लहान्या. येऊन राहिलो. कुलपाले हात नोको लावू."

"तुह्या कुलपाले कोन लावते हात! त्याले तं मिलिट्री बोलवा लागन."

लोक हसले. सिंधुताईही हसल्या. लहानूजी रंगात आले होते. भंतेजींना पाणी, पोरांना बिस्किटं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला दारापाशी नेऊन लटकलेलं कुलूप दाखवणं, असं त्यांचं चाललं होतं. "पाहा. आम्ही उभे. भंतेजी उभे. अन किल्ली गाडीत बसून हवा खाऊन राहिली." रेल्वेवाल्यांच्या माना खाली गेल्या होत्या. पाटीच्या भांडणानंतर इतका चांगला दिवस लहानूजींच्या वाट्याला आलेला नव्हता.

तेवढ्यात गुड्डू साउंडवाला वायर गुंडाळत म्हणाला, "काकाजी, आपके दामादजी तो ताला खोलते हैं ना? दीदी ने स्टेटस में डाला था."

सगळ्यांच्या माना गौरवकडे वळल्या.

लहानूजींनी जावयाकडे पाहिलं, दुसरी पोळी मागताना पाहायचे तसं. मग मोठ्याने म्हणाले, "हो, हो. करू द्या ना कोशिश. होऊन जाऊ द्या सगळ्यायच्या समोर. मंग कोनी म्हनू नोका का अध्यक्षानं काई केलं नाई."

मोनालीने गौरवची बाही धरली. "नाई म्हना. दुसऱ्याचं आहे, लागलेलं आहे. तुमचेच नियम."

"विहार सगळ्यांचं आहे. अन अध्यक्ष सोता सांगून राहिले."

"बाबा बोलून राहिले. सांगून नाई राहिले."

पण गौरव स्कूटरकडे निघालेला होता. डिक्कीत अवजारं होती. ती नेहमीच असायची, आणि त्या दिवशी का होती असं त्याला नंतर कोणी विचारलं नाही, हे त्याचं नशीब.

तो दाराशी उकिडवा बसला. वाइसमध्ये आवळलेलं कुलूप वेगळं आणि कडीला लोंबकळणारं वेगळं. डाव्या हाताने ते धरून ठेवायचं, त्याच हाताच्या बोटांनी ताण द्यायचा, उजव्याने एकेक चकती चाचपायची. घाम कोपरावरून कुलपावर टपकायला लागला. पोरं वाकून पाहत होती. थोड्या वेळाने पोरं कंटाळली आणि बिस्किटांकडे गेली. मोठी माणसं कंटाळली नव्हती. प्लांटवाले आणि रेल्वेवाले कधी नव्हे ते एका ओळीत उभे होते.

कांताबाई पळी हातात घेऊनच आल्या. "बापू, कावून बसले असे उन्हात? येऊन राहिले ना जानरावभाऊ. खीर अजून व्हायची आहे."

"होते आई, दोन मिनिटं."

मधेच हातातून सुटलं. पुन्हा पहिल्यापासून. मागून कोणीतरी च्च केलं. आणि मग गौरवच्या खांद्यावर हात पडला. लहानूजींचा. लग्नानंतर पहिल्यांदा.

"राहू द्या, जावईबापू," लहानूजी म्हणाले, आणि आवाजात चेष्टा नव्हती. "लय मेहनत केली तुमी. नाई होत तं नाई होत. तुमची काई गलती नाई. कुलूपच तसं आहे."

तो हात, तो शब्द, सगळ्यांच्या देखत. दुसऱ्या कोणी तिथेच अवजार गुंडाळलं असतं, कपाळ पुसलं असतं आणि उठून खीर खाल्ली असती. मिळायचं ते मिळालेलं होतं. पण गौरवला वाटलं, हा हरल्यावर मिळालेला शब्द आहे, जिंकल्यावरचा याहून मोठा असेल. त्याने मान हलवली आणि पुन्हा वाकला.

शेवटची चकती फिरली. कुलपाची दांडी सुटली.

टाळ्या वाजल्या, पण पोरांच्याच. मोठ्यांपैकी कोणी टाळी वाजवली नाही. गौरव हसत वळला. सासऱ्याचा चेहरा पाहून त्याचं हसू कुठे ठेवावं ते त्याला समजेना.

लहानूजी वाकले आणि त्याच्या कानात म्हणाले, "लाव परत."

"काय?"

"दाब ना ते. लाव लवकर. नाई उघडलं म्हन."

"लागत नाही, बाबा. किल्लीशिवाय दांडी बसतच नाही त्याची. उघडायला जेवढं लागलं तेवढंच लावायला लागेल."

तोवर भंतेजी उठलेले होते. दार उघडलं म्हटल्यावर ते आत निघाले, त्यांच्यामागे बाया, पोरं. अध्यक्षांना दारात उभं राहून चालणार नव्हतं. तेही गेले, एखाद्याला मागून ढकलावं तसे. रेल्वेवाले आधी एकमेकांकडे पाहत राहिले, मग भंतेजींसाठी म्हणून आत जाऊन बसले.

मोनाली नवऱ्याजवळ आली. "त्यायले कुलूप उघडलेलं नोतं पाहिजे. त्यायले बंद कुलूप पाहिजे होतं, वर्षभर जानरावकाकाले ऐकवाले. येवढं नाई समजलं तुमाले?"

"मग बोलावलं कशाला मला?"

"तुमाले हरताना पाहिलं होतं ना त्यायनं. म्हनूनच बोलावलं."

वंदना अर्ध्यावर असताना जानराव आले. हातात पिशवी, डोळ्यावर काळा चष्मा, आणि मुठीत किल्ली धरलेली, कारण ती त्यांनी ऑटोतच खिशातून काढून ठेवली होती. दारात ते थांबले. कडीत लोंबकळणाऱ्या कुलपाला त्यांनी बोट लावलं, ते हललं. मग चप्पल काढून ते सगळ्यांच्या मागे बसले आणि उरलेली वंदना त्यांनी नीट म्हटली. लहानूजींनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या मानेवरून कळत होतं की आवाज त्यांनी ओळखला आहे.

झाल्यावर जानराव अंगणात गौरवपाशी आले.

"तू उघडलं?"

"हो, काका."

"टाइम किती लागला?"

इथे गप्प बसता येत होतं. पण कुलूप उघडणाऱ्याला हा प्रश्न जगात पहिल्यांदाच कोणीतरी समोर उभं राहून विचारत होतं.

"तुमची गाडी राजनांदगावला येईपर्यंत झालं होतं," गौरव म्हणाला.

जानरावांनी मान हलवली. "हुशार जावई भेटला लहान्याले." त्यांनी दारातून कुलूप काढून आणलं आणि किल्लीसकट गौरवच्या हातात ठेवलं. "घे. माह्याबिगर उघडते तं मंग मी इथं काय करू?"

"जान्या," लहानूजी पायरीवरून म्हणाले, "मी तं म्हटलंच नोतं उघडा म्हनून. तो लेकरू आहे, जोशात..."

"तुनं बोलावलं का नाई त्याले?"

जानरावांनी सिंधुताईंना हाक मारली. त्या खिरीत साखर घालत होत्या. त्यांनी कांताबाईंकडे पाहिलं, मग पदराने गंज धरला, पण तो तापलेला होता आणि भरलेलाही होता.

"गंज मंग आनजा," जानराव म्हणाले. "चाल."

गंज नंतर एका रेल्वेवाल्याचा पोरगा येऊन घेऊन गेला. घासलेला, आतून बाहेरून. कांताबाईंनी तो स्वतः घासला होता.

पुढच्या रविवारी अर्ध्या सतरंज्या रिकाम्या. त्याच्या पुढच्याला कळलं की रेल्वेवाले जुनवानीला जानरावांच्या हॉलमध्ये वंदना घेतात. भंतेजींना दोन्हीकडून बोलावणी गेली. त्यांनी दोन्हीकडे नम्रपणे तब्येतीचं कारण सांगितलं. लहानूजी मात्र नेमाने विहारात जायचे, वेळेवर. दाराला आता त्यांचं एकच कुलूप. तरी ते लगेच उघडायचे नाहीत. किल्ली हातात घेऊन दारात उभे राहायचे, रस्त्याकडे तोंड करून, जानराव जेवढा उशीर करायचे साधारण तेवढा वेळ. मग कोणाला तरी शिवी दिल्यासारखं पुटपुटून कुलूप काढायचे.

याच दिवसांत गौरवचा पट्टा आला. व्हिडिओ त्याने आपल्या घरच्याच कुलपाचा पाठवला होता, दोन्ही नियम पाळून. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी अभिनंदन केलं. नावापुढे तपकिरी टिकली आली. मोनालीला दाखवली तेव्हा तिने विचारलं, "आता याचं काय करतात?" वाइस त्याने टेबलावरून काढली. लाकडावर तिचे दोन खोल दात उमटलेले होते, ते राहिले.

दिवाळीच्या आसपास लहानूजी अचानक घरी आले. दुसरी पोळी मागितली नाही.

"ते कुलूप आहे ना तुमच्यापाशी? जान्याचं?"

"आहे."

"घेऊन जा त्याच्या घरी. म्हना, दाराले लावून दे परत. म्हना, लहान्या म्हनते." दारापर्यंत जाऊन ते वळून म्हणाले, "लहान्या म्हनते असं नोका म्हनू. समिती म्हनते म्हना."

गौरव जुनवानीला गेला. जानराव ग्रिलच्या आत आरामखुर्चीत बसले होते. चष्मा आता साधा होता. त्यांनी ग्रिल उघडलं नाही. खुर्ची मात्र जवळ ओढली.

"समितीनं पाठवलं का लहान्यानं?"

"समितीनं."

"म्हंजे लहान्यानं." जानराव हसले. हसू टिकलं नाही. "अरे बापू, ते लावून आता काय होते? आता सगळ्यायले माहीत आहे का ते उघडते. तवा कोनाले माहीत नोतं. लहान्या काई माह्या कुलपासाठी थोडाच थांबत होता इतके दिवस."

"मी नवीन आणतो, काका. याच्याहून भारी. मलाही उघडणार नाही असं."

"तुले नाई उघडनार असं तू कसं सांगशीन? तू तं सोडत नाईस." त्यांनी ग्रिलमधून हात बाहेर काढला, कुलूप घेण्यासाठी नव्हे, गौरवच्या हातावरची किल्ली परत त्याच्या मुठीत दाबण्यासाठी. "तुह्यापाशीच राहू दे. तुले उपयोगी पडन. जय भीम सांगजा घरी."

आत सिंधुताई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कांताबाईचे गुडघे कसे आहे?" आणि उत्तर यायच्या आत जानरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

कुलूप आणि किल्ली दोन्ही आज गौरवच्या कपाटात आहेत. कायदेशीर मालकीची. पुढचा पट्टा काळा, पण त्याच्यासाठी त्याने अजून काही मागवलेलं नाही.

तर मिळालं कोणाला काय, ते सांगून टाकू. गौरवला टिकली मिळाली. लहानूजींना अख्खं विहार मिळालं, आणि जानरावांना आयुष्यभर पुरेल असा अपमान, जो ते सांभाळून वापरतात. जावयाबद्दल हवा होता तो शब्दही बाहेर पडला, आणि परत गेला. या तिघांनी जे गमावलं ते आपल्या हाताने.

रविवारी सकाळी कांताबाई अजूनही पांढरं पातळ नेसून तयार होतात आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. लहानूजी स्कूटरवर एकटे निघून जातात. जुनवानीचा ऑटो काही येत नाही. ऊन फाटकावरून खुर्चीवर आलं की त्या उठतात, भिंतीला धरत आत जातात, आणि पातळाची घडी करून ठेवतात. या सगळ्याची किंमत म्हणून ती सकाळ कुलपाला हात न लावलेल्या या एका बाईने भरली, आणि दर रविवारी भरते आहे.